धरण पाहायला आलेले पाहुणे

आमच्या घरातून पाणी दिसत नसे. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, कारण आम्ही राहायचो ते धरणावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडचं ते इंग्रजांच्या काळातलं जुनं धरण. नाव मी सांगत नाही. त्या बाजूचा माणूस लगेच ओळखेल आणि बाकीच्यांना नाव सांगूनही काही फरक पडणार नाही. धरणाच्या मातीच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. या पारीच्या खालच्या अंगाला, जिथून कालवा निघतो तिथे, खात्याने बांधून दिलेल्या दोन खोल्या होत्या, पुढे ओसरी आणि मागे एक सीताफळाचं झाड. दारात उभं राहिलं की समोर गवताने झाकलेली उंच पार आणि तिच्यावर टेकलेलं आभाळ, एवढंच दिसायचं. पाणी पलीकडे. ते आम्हाला ऐकू मात्र यायचं. धानाला पाणी सोडायच्या दिवसांत गेट उघडलं की विहिरीत कोणी घुमत असल्यासारखा आवाज रात्रंदिवस चालायचा, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी ताटं त्या आवाजाने बारीक थरथरत राहायची. गेट बंद झालं की ती ताटं गप्प व्हायची आणि मला झोप यायची नाही.

ते धरण पाहायला लोक कुठून कुठून येत. दिवाळी झाली, धान कापून झालं की होळीपर्यंत दर रविवारी जीपगाड्या, मेटाडोर, शाळांच्या सहली. चंद्रपूरचे, गडचिरोलीचे, एखाद वेळी नागपूरचेही. बाया झाडाखाली चुली मांडायच्या, पुरुष ट्रान्झिस्टर लावून पत्ते कुटायचे, पोरं पाण्यात दगड मारायची. जाताना सगळे म्हणायचे, "काय मस्त जागा आहे, इथंच राहून जावं वाटते." मग गाडीत बसून निघून जायचे. मागे राहायच्या पत्रावळी, संत्र्याची सालं, आणि ती खायला उतरलेली वांदरं. सोमवारी सकाळी पारीवर इतकी सामसूम असायची की आपण बोललो तर कोणाला तरी त्रास होईल असं वाटावं. गाव तिथून कालव्याच्या काठाने बरंच लांब. मी शाळेला तेवढं चालत जायचे, एकटी, आणि एकटीच परत यायचे. धरणावर राहणारी म्हणून वर्गात माझा थोडा रुबाब होता, पण कोणाची आई आपल्या पोरीला माझ्याबरोबर खेळायला तेवढ्या लांब जंगलाच्या कडेला पाठवणार? मला फार एकटं वाटायचं. सजवून सांगायचं तर सांगता येईल, पण गोष्ट एवढीच होती.

घरात आम्ही तिघं. बाबा गेटमन होते. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. ताईने, म्हणजे सुमनने, सातवीनंतर शाळा सोडली आणि घर हातात घेतलं. बाबा घरात बोलत नसत. रागीट नव्हते, मारकुटे नव्हते, दारूला शिवत नव्हते. फक्त बोलत नसत. ताट पुढे आलं की जेवायचे, मीठ कमी असलं तरी मूग गिळून जेवायचे, सकाळी बुद्धवंदना म्हणायचे तेवढाच आम्हाला त्यांचा आवाज. पण पारीवर पाहुणे आले की हाच माणूस असा काही सुटायचा की बघत राहावं. गेट कसं उघडतं, ते उचलायच्या चाकाला, म्हणजे चक्क्याला, किती माणसं लागतात, पाणी कोणत्या गावापर्यंत जातं, कोणत्या साहेबाने घोड्यावरून फिरून जागा नक्की केली, सगळं हात हलवून हलवून सांगायचे. खाली दाणे निवडत बसलेल्या आम्हाला ते तुटक तुटक ऐकू यायचं. ताई म्हणायची, "पाह्य, बाबाची गाडी सुटली." आणि आम्ही दोघी हसायचो.

ताई होती म्हणून माझं चाललं होतं. ती बारा मैलांवरच्या आवाजावरून गाडी ओळखायची, निदान मला तरी तसं सांगायची. तांदूळ पाखडताना वर आलेल्या पाहुण्यांचे आवाज ऐकून आम्ही खेळ खेळायचो. ही बाई मास्तरीण आहे, हा माणूस घरी बायकोला घाबरतो, ह्या पोराला आज मार बसणार. लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी, पावसाळ्यासाठी सुकवलेले झिंगे, एवढ्याच सामानात ती रोज काहीतरी वेगळं करायची. रात्री एका वाकळीत झोपायचो. तिच्या हाताला कायम लसणाचा वास. मला वाटायचं, दोघी आहोत ना, मग एकमेकींना पुरतो.

ताईला पाहायला आधी दोन-तीन ठिकाणचे येऊन गेले होते. पोहे झाले, चहा झाला, चार पावलं चालवून झाली, "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. कोणाला रंग सावळा वाटला, कोणाला बिनआईच्या पोरीच्या लग्नात करणार कोण असा प्रश्न पडला. ताई काही म्हणायची नाही. पण गावात चक्कीवर दळण घेऊन गेली की बाया विचारायच्या, "काय झालं व त्या पावन्याचं?" आणि मग ती दळण मला न्यायला सांगू लागली.

यावर तोड काढली आमच्या आत्याने. ती सावलीला राहायची, बोलण्यात कोणाच्या बापाला ऐकायची नाही. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला असलेला एक मुलगा तिने हेरला होता. ती ओसरीवर बसून बाबांना म्हणाली, "आता पोरगी पाहाले या म्हणूच नोको कोणाले. धरण पाहाले या म्हणाचं. एवढं नामी धरण, लोक पैसे खर्चून येऊन राह्यले. पसंत पडली तं बोलू. नाई पडली तं धरण पायलं आन् गेले. कोणाचं नाक कापत नाई."

"आन् पोरीची गोष्ट काढन कोण?" बाबांनी विचारलं. एवढं लांब वाक्य त्यांनी घरात बोललेलं मला आठवत नाही.

"मी हाये ना! मी येतो तवा. जेवण झालं की मी सुमनले बाहेर बोलावतो. तू फक्त गप राय. ते तुले जमते."

तेव्हा आमच्याकडची रीत अशी, की मुलीकडच्यांनी आपल्या तोंडाने मुलगी पुढे करायची नाही. मुलाकडच्यांनी म्हणावं, "बोलवा मुलीला." मग ती येते. आत्याने डोकं चालवलं खरं, पण तिच्या योजनेत मुलाकडचे मुळी मुलगी पाहायला आलेलेच नव्हते. कशाला बोलावलंय ते मनातून सगळ्यांना ठाऊक होतं, पण मग त्यांनी तरी कोणत्या तोंडाने म्हणावं? सगळा डोलारा आत्याच्या जिभेवर उभा होता.

आणि त्या रविवारी आत्या आलीच नाही. सावलीहून येणारी एसटी बिघडली होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. राजुऱ्याची मेटाडोर मात्र धुरळा उडवत वेळेवर आली. मुलगा, त्याचे वडील, आई, एक मामा आणि मामाची दोन पोरं. मुलाचं नाव अशोक. बुशशर्ट, तेल लावून बसवलेला भांग, आणि कोणी बघितलं की रुमालाने मान पुसायचा. मी त्याला नीट निरखलं, पण नाव ठेवायला जागा नव्हती. मी मनात म्हटलं, याने ताईला पाहू नये. दुसरं काही नको. ही गेली तर मी या दोन खोल्यांत कोणाशी बोलू?

बाबा पुढे झाले. हात जोडले, पाणी दिलं, आणि आत्या नाही म्हटल्यावर त्यांना जे एकच येत होतं ते त्यांनी सुरू केलं. "चाला पावने, धरण पाहाले आले ना, चाला."

ताई आत होती. पहाटेपासून तिने उडदाचे वडे काढले होते, झिंग्यांचा रस्सा, पातळभाजी, तांदळाची खीर. आत्याने पाठवलेलं मोरपंखी पातळ नेसून ती चुलीपाशी बसली होती, पदर खोचून, काठाला शिंतोडे उडू नयेत म्हणून वर माझा जुना फ्रॉक बांधून. दर थोड्या वेळाने मला पिटाळायची. "जा व बेबी, पाहून ये. काय करून राह्यले?"

मी पार चढून जायचे आणि परत यायचे. "बाबा चक्का फिरवून दाखवून राह्यले."

"अजून?"

"आता पाणी मोजाची पट्टी दाखवून राह्यले."

मी एक अक्षरही खोटं सांगत नव्हते. सांगायची गरजच नव्हती. बाबा आपण होऊनच माझ्या बाजूने लढत होते. पाहुणेही कमी नव्हते. धरण पाहायला आलो म्हटल्यावर धरण पाहिलंच पाहिजे, म्हणून मामा मन लावून प्रश्न विचारत होते, "मंग भाऊ, हे माती कुठून आणली असन?" मुलाच्या आईचे पाय दुखत असावेत, त्या मधेच खाली आमच्या कौलांकडे बघत, पण त्याही काही बोलल्या नाहीत. बोलणार काय? बोललं तर आपण कशाला आलो ते उघडं पडणार. आमच्या लोकांचा हा सभ्यपणा मला अजूनही पुरता कळलेला नाही. एखाद्याचं मन दुखू नये म्हणून आम्ही त्याचं अख्खं आयुष्य अडवून धरू, पण उघड बोलणार नाही.

जेवणं ओसरीवर झाली. वाढायला बाबा आणि मी. दाराला पडदा, पडद्यामागे ताई. मुलाच्या आईने वडा मोडून म्हटलं, "वडे मस्त जमले. कोणं केले?" सगळे थांबले. मला पडद्यामागच्या बांगड्या ऐकू आल्या. बाबांनी "घरीच केले" एवढं म्हटलं आणि मामांच्या पानात रस्सा ओतला. ती वेळ तशीच निघून गेली. हात धुवून झाल्यावर मुलाचे वडील घड्याळ बघत म्हणाले, "जंगलाचा रस्ता हाये, अंधाराच्या आत निघा लागन." बाबा लगबगीने उठले. "असं कसं? सलंग राह्यली ना पाहाची!" सलंग म्हणजे सांडवा, तलाव भरला की जादा पाणी जिथून उलटतं ती दगडी भिंत. ती पारीच्या दुसऱ्या टोकाला. सगळे पुन्हा निघाले. मी आत गेले. मला उड्या मारायच्या होत्या.

ताई पाटावर बसली होती. फ्रॉक सोडून बाजूला ठेवला होता. तिने मला विचारलं, "गेले?"

"सलंग पाहाले गेले. मंग निघतेत म्हणे."

मेटाडोरच्या ड्रायव्हरने तेवढ्यात हॉर्न दिला. ताई उठली. तिने चुलीवर चहाचं आधण ठेवलं, साखर नेहमीपेक्षा सढळ टाकली, चहा किटलीत गाळला, कपबशा परातीत मांडल्या. मला वाटलं, मला न्यायला सांगेल. मी हात पुढे केला. तिने परात एका हाताने कमरेवर टेकवून धरली, दुसऱ्या हातात किटली, आणि पडदा डोक्याने बाजूला सारून बाहेर पडली.

"ताई, तू नोको जाऊ! तसं नाई जात!" मी मागून ओरडले. तिने वळून पाहिलं नाही.

पाहायच्या मुलीने चार पावलं चालायची असतात, मान खाली घालून, सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझी बहीण त्या दिवशी अख्खी पार चालली. सलंगपाशी उभ्या असलेल्या लोकांना ती पायऱ्या चढून वर आल्यापासून दिसत होती, आणि पारीवर आडोसा म्हणून एक झुडूप नाही. एका बाजूला पाणी, एका बाजूला खाली धानाच्या शेतांच्या बांध्या, आणि मधून मोरपंखी पातळातली ताई. वाऱ्याने डोक्यावरचा पदर घसरला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने तो घसरू दिला. मी तिच्या मागे थोडं अंतर ठेवून चालत होते आणि मला रडू येत होतं, कारण ती घाईने चालत होती. घाबरलेलं माणूस अडखळत चालतं. ती नीट, भराभर, जिथे पोचायचंय तिथे पोचणाऱ्या माणसासारखी चालत होती.

बाबा हात उंच करून पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते सांगत होते. त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं की आपलं कोणी ऐकत नाही. ते वळले, आणि त्यांचा हात तसाच वर राहिला.

ताईने परात दगडी कठड्यावर ठेवली. एकेकाला चहा दिला, वयाप्रमाणे, कोणाला विसरली नाही. अशोकरावांनी कप घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमचं मजेचं आहे. रोज हे पाणी पाहाले भेटते."

"आमच्या घरून पाणी दिसत नाई," ताई म्हणाली. "पार दिसते फक्त. मी वर कवा येतो? स्वयंपाक कोण करन?"

ते हसले. हसल्यावर ते बरे दिसायचे, आजही दिसतात. मुलाच्या आईने कप खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि आपल्या नवऱ्याकडे न बघता सरळ बाबांना म्हणाल्या, "भाऊ, धरण तं पायलं. लय पायलं. आता पोरीचं बोला."

बाबा दिवसभर बोलले होते, आणि आता त्यांना नुसती मान हलवता आली. मामांनी वंदनेनंतर म्हणतात तसं "साधू, साधू" म्हटलं आणि पोरांच्या पाठीवर थाप मारली. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

गाडी गेल्यावर अंधार पडायच्या आधी ताई आणि मी कालव्याच्या दगडावर भांडी घासायला बसलो. तिने पातळ बदललं होतं. राख लावताना ती गुणगुणत होती, आणि ते ऐकून मला इतका राग आला की मी हातातली परात आपटली.

"काय झालं व?"

"तू चालली जाशील. मंग मी इथी एकटी राहीन."

ताईने मला जवळ घेतलं नाही. तिने मला फसवलंही नाही. खरकटं पाण्यात सोडलं, ते वाहत गेलं तिकडे बघत म्हणाली, "मीबी तं एकटीच होतो ना बेबी, इतके वर्सं."

आणि पुढचं भांडं घेतलं.

मी तिथेच होते. एवढी सगळी वर्षं मी तिथेच होते, तिच्या शेजारी, एका वाकळीत. हे मी तिला म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आहोत, ती राजुऱ्याहून फोन करते, गुडघ्यांबद्दल बोलतो, नातवांबद्दल बोलतो. तिला ते वाक्य आठवतही नसेल. त्यात माझ्यावर राग नव्हता, हे मला वय झाल्यावर कळलं. एकोणीस-वीस वर्षांच्या बाईला बारा वर्षांच्या पोरीची सोबत किती पुरणार? पण त्या दगडावर बसलेल्या मला ते कळायचं नव्हतं. मला एवढंच कळलं की आजवर आपण जे दोघींचं समजत होतो, ते एकटीचंच होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं, आत्याच्या अंगणात, सावलीला. सगळी धांदल आटोपून बाबा आणि मी तिसऱ्या प्रहरी धरणावर परत आलो. तलाव आटून तळाची माती दिसायला लागली होती. गेट बंद, म्हणून घरात आवाज नाही. चूल मी पेटवली. भात तिघांचा झाला, कारण मला दोघांचा टाकता येत नव्हता. बाबा जेवले. मीठ जास्त झालं होतं, काही बोलले नाहीत. मी ताट घेऊन उठले आणि मला ते सहनच झालं नाही. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला ना. काहीबी बोला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुंटीवरून गेटची किल्ली काढली, चपला घातल्या, आणि दारात थांबून म्हणाले, "चाल. तुले धरण दाखवतो."

ऊन अजून उतरायचं होतं. आम्ही पार चढलो. गेटच्या खोलीचं कुलूप त्यांनी काढलं, चक्क्यावरची धूळ हाताने पुसली, घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सुरू केलं. कोणता साहेब घोड्यावरून आला, माती कुठून आणली, किती गावचे लोक खपले. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता, मग हळूहळू हात हलायला लागले. मला ते सगळं पाठ होतं. खाली बसून दर रविवारी ऐकलेलं. तरी ते मधेच अडले, आणि पुढचं आठवेना म्हणून चक्क्याला धरून नुसते उभे राहिले, तेव्हा मी विचारलं, "आन् बाबा, पाणी कोणत्या गावापर्यंत जाते?"